सोजरबाईचा हेल

घोडनदीच्या काठाला शिरूर तालुक्यातली जी चार-पाच गावं आहेत, तिथं कुणी गेलं की पहिला फोन पाव्हण्यारावळ्यांना होतो आणि दुसरा सोजरबाईला. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. सोजरबाई काही रडायची सुपारी घेणारी बाई नव्हे. दीड एकर कांदा, दोन शेळ्या, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, साठी उलटलेली साधी कुणब्याची बाई. पण ती आल्याशिवाय मयत उचललं तर घरच्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. माणसं तिरडी बांधून ठेवायची आणि रस्त्याकडं बघायची. "सोजरबाई येऊ द्या, मग उचलू."

नुसतं रडणं वेगळं आणि बोलून रडणं वेगळं. नुसतं तर लेकरूही रडतं. ह्या भागातली जुनी बाई मयताला निघाली की गाडीतनं उतरताना गप्प असते, पदर तोंडाला लावून झपाझपा चालते, आणि जिथून मयताचं घर दिसतं त्या वळणावर रडण्याचा पहिला लांब हेल काढते. घरातल्या बायांना तो ऐकू गेला की आतून दुसरा हेल उठतो. मग गळ्यात गळा पडतो आणि त्या सुरातच बोलणं सुरू होतं. गेलेल्यानं काय केलं, काय खाल्लं, कुणासाठी झिजला, कुणी त्याला छळलं, सगळं. आणि ह्यात एक कायदा असतो, कुठं लिहिलेला नसला तरी सगळ्यांना ठाऊक असलेला. हेलात बाई काय वाटेल ते बोलू शकते. ते मेलेल्याला सांगितलेलं असतं. जिवंतानं ते मान खाली घालून ऐकायचं, मनावर घ्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी उकरून काढायचं नाही.

सोजरबाईची सासू गेली तेव्हा सोजरबाईनं भर अंगणात हेल काढला होता, "बारा वरसं माझ्या ताटात तूप वाढलं न्हाई गं माझे सासूबाई, आता कुणाच्या तुपाला कुलूप लावशील गं..." बाया पदरात तोंडं घालून हसल्या होत्या आणि त्याच पदरांनी डोळे पुसत होत्या. नवरा शेजारीच उभा होता. त्यानं आयुष्यात पुन्हा कधी त्या तुपाचा विषय काढला नाही. इतका तो कायदा पक्का.

चार वर्षांपूर्वी सोजरबाईची एकुलती एक लेक गेली. सुलक्षणा. दौंडच्या अलीकडं भीमेच्या अंगाला एका वस्तीवर तिला दिली होती. घर चांगलं. सासरा बबनराव सोसायटीचा दोनदा चेअरमन झालेला, नवरा पृथ्वीराज शेती बघणारा, दीर सत्यजीत, सासू रंगुबाई. वीस एकर ऊस आणि उसाला पाणी साठवायला अर्ध्या एकराचं शेततळं. तळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावर पाणी टिकतं, पण त्याला शेवाळ धरलं की माणूस टिकत नाही. पाय सरकून आत गेलेला माणूस पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही, हाताला काही लागतच नाही. म्हणून शहाणी माणसं काठाला खुंटी ठोकून एक जाड दोर पाण्यात सोडून ठेवतात. बबनरावाच्या तळ्यालाही होता. दिवाळीला फराळ घेऊन गेलेल्या सोजरबाईनं तो आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. पिवळा, नायलॉनचा.

माघ महिन्यात सुलक्षणा तळ्यावरची पाण्याची मोटार बघायला गेली आणि घसरली. दोर नव्हता.

बबनराव म्हणाला, उसाच्या मोळ्या बांधायला गड्यानं चार दिवसांपूर्वी सोडून नेला होता. असेलही. ऊसतोड चालू होती, हे खरं. सुलक्षणा आणि रंगुबाईचं पटत नव्हतं, हेही खरं. दोन वेळा लेक रडत माहेरी आली होती, हेही खरं. पोलिसांनी पंचनाम्यात घसरून मृत्यू लिहिला. सोजरबाई त्या वस्तीच्या वळणावर उतरली, घर दिसलं आणि तिनं हेल काढला. तसला हेल तिनं आधी कधी काढला नव्हता. त्यात ती काय बोलली हे तिला स्वतःला आठवत नव्हतं. बबनराव लिंबाखाली मान खाली घालून उभा होता, एवढंच तिला आठवत होतं.

बबनरावानं कायदा पाळला. दहाव्याला विहीणबाईला मानानं बोलावलं, सुलक्षणाच्या पोरीला तिच्या मांडीवर बसवलं. पोरगी ऋतिका, तेव्हा पाच वर्षांची. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोजरबाई न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडकडं जायची. ओट्यावर बसून नातीची वेणी घालायची, तिला आणलेलं थालीपीठ भरवायची आणि दुपारच्या गाडीनं परत फिरायची. बारा महिन्यांतले बारा दिवस. बाकीचे दिवस सोजरबाई कांदा खुरपायची, पण जगायची त्या बारा दिवसांवर.

यंदाच्या चैत्रात ती अशीच गेली, तर रंगुबाई दाराच्या चौकटीत उभी. बाजूला सरकेना.

"काय वं, विहीणबाई? ऋतू कुठंय?"

"हाय आत. न्हाई यायची भायेर."

"तापली का काय?"

"ताप आमाला आलाय," रंगुबाई म्हणाली. "समद्या दौंडात वाजतंय तुमचं गानं. गुऱ्हाळावर वाजतंय, सलूनात वाजतंय. परवा लग्नात मला एक बाई इचारती, रंगुबाई, त्यो दोर घावला का वं?"

"कसलं गानं?"

"आता लई भोळ्या होऊ नका. तुमच्याच घरातल्या पोरानं काढलंय."

आतल्या खिडकीच्या जाळीमागं ऋतिकाचा फ्रॉक दिसला आणि कुणीतरी ओढल्यासारखा नाहीसा झाला. सोजरबाई थालीपिठाचं फडकं ओट्यावर ठेवून अर्धा तास उभी राहिली. मग कुत्र्यानं फडक्याला तोंड लावलं, तेव्हा ती निघाली.

घरातलं पोर म्हणजे विश्वजीत, तिच्या जावेचा मुलगा. सणसवाडीला कंपनीत क्वालिटीला होता. शिक्रापूरला खोली करून राहायचा, आठवड्याला गावी यायचा. लहानपणी भजनात पेटीचा भाता हाणायला बसायचा, मग गिटार घेतली, मग गावातल्या गोंधळ्याकडून एक जुनं तुणतुणं मागून आणलं. कंपनीतली तीन पोरं जमवून तो गाणी करायचा. घरात कुणाला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्याची बायको सविता तेवढी म्हणायची, "काकी, तुमचा पुतण्या येडा हाय, पण त्याचं येड जरा निराळं हाय." पाडव्याला त्यानं त्याचा पहिला अल्बम मोबाईलवर टाकला होता. नाव 'पाण्याची पाळी'. आठ गाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोजरबाई कांद्याच्या चाळीत बसली होती. सडका कांदा वेगळा, दुभाळका वेगळा, चांगला वेगळा. सविताला तिनं हाक मारली. "त्ये गानं लाव गं मला. दोराचं."

सविताचा चेहरा उतरला. तिला ठाऊक होतं. "काकी, शेवटचं हाय त्ये."

"मंग पयल्यापासनं लाव. मी कुणाचं अर्ध्यातनं ऐकत न्हाई."

सवितानं तिच्या कानात वायरी खोचल्या, मोबाईल तिच्या ओच्यात ठेवला आणि उठून गेली.

पहिलं गाणं सुरू झालं, तर काहीच वाजेना. नुसतं हुस्स, हुस्स. सोजरबाईला वाटलं वायर बिघडली. मग कळलं, पेटी आहे, पण बोट कुठंच दाबलेलं नाही. नुसता भाता चाललाय. हवा आत, हवा बाहेर. पाटाचं पाणी यायची वाट बघत एक माणूस बांधावर बसलाय आणि पाणी येत नाही, एवढंच ते गाणं. सोजरबाईचा कांदा चाचपणारा हात थांबला. रडायच्या आधी बाई जो श्वास घेते, तो हा. ह्याला तो कुठं सापडला?

दुसऱ्यात हलगी होती, पण मिरवणुकीतली नव्हे. दमलेला माणूस घराकडं चालतो तशी, एक टिपरू पडलं की दुसरं पडेल का नाही ह्याचा भरवसा नसलेली. शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडकलाय आणि ड्रायव्हर नुसतं पुढच्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवतोय. घरी कुणीतरी आजारी आहे हे तो एकदाही म्हणत नाही, तरी कळतं. सोजरबाई मनात म्हणाली, हां. न सांगता सांगितलं पोरानं. बाईमाणसाला जमतं हे, गड्याला जमत नाही.

तिसरं सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांचं, निम्मं हिंदीत. बिहारकडचा पोरगा फोनवर आईला सांगतोय, अम्मा, खाना खा लिया, अम्मा, सब ठीक है. आणि प्रत्येक ओळीमागं कंपनीतल्या प्रेसचा एक दणका. धप्प. पोरगा गोड बोलतोय आणि दणका खरं बोलतोय. चौथं जात्यावरच्या ओवीच्या चालीवर, बिबट्याचं. ऊस खुरपायला निघालेल्या बाईच्या गळ्यात डोरलं आणि डोरल्यावर बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून खिळ्यांचा पट्टा, आणि ती नवऱ्याला विचारतेय, दोन्हींतलं कुठलं काढू? सोजरबाई चाळीत एकटीच फिस्सकन हसली. पाचवं दौंड टेसनाचं. गाडी येते, इंजिन सुटतं, मागं जाऊन लागतं, आणि पुढं तोंड करून बसलेली माणसं बसल्या जागी उलटी होतात. तुणतुणं आणि गिटार त्यात एकमेकांशी भांडत होती. तुणतुण्याला एकच सूर, ते हलायला तयार नाही. गिटार त्याच्याभोवती फिरफिर फिरते आणि शेवटी दमून त्याच्याशेजारी येऊन बसते. हे तिनं दोनदा ऐकलं.

सहावं तिला नाही पटलं. नटवलेलं होतं. आईवरचं गाणं, पण ही आई सुट्टीला आलेल्या लेकाला दिसते तशी, चुलीपुढं बसलेली, हातात भाकरी. "पीठ कोन दळून आणतं रं?" ती मोठ्यानं म्हणाली. सातवं आलं कधी आणि गेलं कधी कळलं नाही.

मग आठवं. आधी विश्वजीतचा आवाज, अगदी हळू, बोलल्यासारखा.

कागदाच्या तळ्यात चंद्र पडला
त्याला वर येता येईना

आणि त्याच्याखालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका बाईचा हेल. मागं कावळा, टेम्पोचं चालू इंजिन, कुणाचं तरी खोकणं. सोजरबाईनं कान दिला. कोण बाई आहे ही? तिला वाटलं, खरी रडतीय. शब्दाच्या मधी श्वास घेतीय, सुराच्या मधी न्हाई. शिकलेली दिसतीया. दोन ओळी अशा जाणकारीनं ऐकल्यावर तिला कळलं की ही आपणच. आपला हेल तिनं जन्मात कधी ऐकला नव्हता.

घोडनदीचा पूर तू पवून गेली गं माझे बाय
कागदाच्या तळ्यानं तुला वर येऊ दिलं न्हाय
दिवाळीला म्या बघितला गं, पिवळा दोर हुता काठाला
सांग ना गं कुनी सोडला, कुनी सोडला, कुनी सोडला

विश्वजीतचा आवाज थांबला. पेटीचा भाता थांबला. शेवटचं 'कुनी सोडला' ती एकटीच म्हणत राहिली, चार वेळा, पाच वेळा, आणि कावळा, आणि टेम्पो. मग तेही मध्येच तुटलं. मयताच्या दिवशी ज्यानं कुणी मोबाईल धरला होता त्यानं तो तिथं खिशात घातला असणार.

सोजरबाईनं वायरी काढल्या. डोळ्याला पाणी आलं नाही. चाळीत कांद्याचा उग्र वास होता आणि बाहेर शेळी ओरडत होती. चार वर्षांत लेकीच्या बाजूनं एक शब्द कुणी बोललं नव्हतं, ना पंच, ना पोलीस, ना भाऊबंद. तो आता सलूनात आणि गुऱ्हाळावर बोलला जात होता. आणि तेवढ्यासाठीच जाळीमागचा फ्रॉक ओढला गेला होता. तिनं पुन्हा कांदे निवडायला घेतले. संध्याकाळी सवितानं पाहिलं तर चांगला आणि सडका एकाच ढिगात होता.

रविवारी विश्वजीत आला. काकीपुढं उकिडवा बसला. सवितानं त्याला फोनवर सगळं सांगितलेलं होतं, तरी त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा दुसरंच काही होतं. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखं.

"ऐकलं न्हवं काकी?"

"ऐकलं. आठीच्या आठी."

"कसं वाटलं?"

"सहावं टाकून दे. बाकी..." सोजरबाई थांबली. "बाकी लई चांगलं केलंस रं. त्यो भाता लई चांगला. मला चाळीस वरसं कुणी इचारलं असतं हेल कसा काढायचा, तर मला सांगता आलं नसतं. तू वाजवून दावलास."

विश्वजीतनं तोंड फिरवलं. त्याला कंपनीतल्या पोरांनी शाबासकी दिली होती, पुण्यातल्या कुणीकुणी लिहून पाठवली होती. पण ही वेगळी होती.

"आन् शेवटचं काढ."

"काकी..."

"मला न इचारता घातलंस तू त्ये."

"चार गावांपुढं बोलली हुतीस तू, काकी. मला वाटलं, जे चार गावांनी ऐकलं त्ये समद्यांचं झालं. त्यात चोरून काय हाय?"

"चार गावांपुढं बोलले, चार गावांला न्हाई बोलले. माझ्या लेकीला बोलले." तिचा आवाज चढला नाही. "येवढा भाता कळला तुला, आन् येवढं कळलं न्हाई व्हय रं?"

त्यानं मातीत काडीनं दोन रेघोट्या ओढल्या. मग म्हणाला, "काकी, पर खरं हाय ना त्ये? दोर हुता ना?"

"दिवाळीला हुता."

"मंग? हे एकच गानं असं हाय ज्याच्यात कुनीतरी सुलूताईसाठी इचारलंय. हे काढलं तर अल्बमात राहतंय काय? नुसती गानी."

"गानं वाईट असतं तर कुणी ऐकलं नसतं, आन् माझी ऋतू माझ्यापासनं तुटली नसती. तू चांगलं केलंस, हाच घोटाळा झालाय. काढ."

त्यानं काढलं. तिथंच, तिच्यासमोर, अंगठ्यानं. कितीतरी लोकांच्या मोबाईलवर ते गेलेलंच होतं, ते कुणाला काढता येणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सोजरबाई बबनरावाकडं गेली. ह्या खेपेला दार उघडलं. बबनराव बैठकीत खुर्चीवर, सत्यजीत मोबाईल घेऊन, जावई पृथ्वीराज कोपऱ्यात भिंतीला टेकून. तो चार वर्षांत तिच्याशी धड चार वाक्यं बोलला नव्हता. आजही बोलणार नव्हता.

"विहीणबाई," बबनराव म्हणाला, "तुमी रडलात, म्या ऐकून घेतलं. तुमची लेक गेली हुती, तुमचा हक्क हुता. चार वरसं तोंडातनं ब्र काढला का म्या? पोरीला तुमच्यापासनं तोडलं का? आता तुमीच सांगा, हे रडणं हाय का? हे भोंगा लावून पुकारणं हाय."

त्यात खोटं काही नव्हतं.

"गानं काढलंय, पाव्हणं."

"काढलं म्हंजी लोकांच्या कानातनं निघलं का? माझ्या सत्याची सोयरीक मोडली त्याच्यापायी. तुमी तुमच्या तोंडानं सांगा. रडताना भान नव्हतं, दोराचं मी बोलले त्ये खोटं हुतं. सत्या मोबाईलवर घील. त्येच गावभर फिरू द्या. मंग म्हैन्याचा रविवार तुमचा. मीच गाडीनं पोर पोचती करीन. बबन्यानं शब्द दिला म्हंजी दिला."

"दिलाय?"

"दिला."

सोजरबाईनं पदर नीट केला. सत्यजीतनं मोबाईल धरला. तिनं सांगितलं. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी सत्यजीत म्हणाला, "मावशी, जरा वर बघून बोला की. जबरदस्तीनं बोलल्यागत वाटतंय." तिसऱ्या वेळी तिनं वर बघितलं. "दोराचं मी बोलले त्ये खोटं हुतं. दुःखात बोलले. पाव्हण्यांच्या घरचा काही दोष न्हाई." सुराशिवाय, दळण किती झालं हे सांगावं तसं. कोपऱ्यातला पृथ्वीराज उठून बाहेर गेला. त्याला राग आला होता की आणखी काही, हे तिनं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. तिला सांगता आलं नाही.

त्याच महिन्यात शेजारच्या गावातला म्हातारा सोपानराव गेला. फोन आला, सोजरबाई गेली. वळणावर आली, घर दिसलं, पदर तोंडाला लावला. हेल निघाला, पण त्यात शब्द येईना. नुसताच सूर, लेकरासारखा. सोपानरावाच्या सुनेनं तिच्या गळ्यात पडून थोडी वाट पाहिली, मग स्वतःच बोलायला लागली. मागं दोन बाया कुजबुजल्या. एक म्हणाली, सोजरबाई म्हातारी झाली. दुसरी म्हणाली, म्हातारी कशाची, आता बोलली तरी खरं कोन धरील गं?

शेवटच्या रविवारी सकाळी नऊला बबनरावाची गाडी दारात आली. शब्दाप्रमाणं. ऋतिका उतरली. नऊ वर्षांची, दोन वेण्या कुणीतरी घट्ट ओढून घातलेल्या. गाडी गेली.

सोजरबाईनं थालीपीठ केलं, लोण्याचा गोळा ठेवला. पोरीनं सगळं खाल्लं. शेळीचं पिल्लू उचलून घेतलं, सवितामामीनं दिलेली कैरी मिठाबरोबर खाल्ली. दुपारी सोजरबाई तिची वेणी सोडून पुन्हा घालत होती, तेव्हा तिच्याकडं पाठ असतानाच ऋतिकानं विचारलं.

"आज्जी, काकानं दाखवलं मला. मोबाईलवर. तू म्हणलीस, दोराचं खोटं हुतं."

सोजरबाईची फणी केसांत तशीच राहिली.

"तू रडताना खोटं बोलत व्हतीस?"

खिडकीतून रस्ता दिसत होता. पोरगी संध्याकाळी त्या घरी परत जाणार होती, रंगुबाईच्या शेजारी झोपणार होती, तिला विचारलं जाणार होतं, आज्जी काय म्हणली.

"व्हय," सोजरबाई म्हणाली.

फणी चालायला लागली. उजवी वेणी झाली. डावीचे तीन पदर सोजरबाईनं वेगळे केले.

"आन् आई पवायची, घोडनदीच्या पुरात, त्ये पण खोटं का?"

इथं मात्र सोजरबाईला व्हय म्हणता येईना. तिनं तोंड उघडलं, तीन वेळा मोबाईलपुढं जे जमलं होतं ते आता जमेना. लेकीबद्दल दुसऱ्यांदा खोटं बोलायला तिच्याकडं आणखी एक तोंड नव्हतं.

"न्हाई. त्ये खरं हाय. लई पवायची तुझी आई. पुरात पल्याड जाऊन यायची."

"मंग?" ऋतिका वळली. अर्धी वेणी आज्जीच्या हातातून निसटली. "पवायची, तर मंग वर का न्हाई आली?"

"कागद निसरडा असतोय बाळा."

"दोर धरायचा ना मंग."

सोजरबाई फणीत अडकलेले केस काढत बसली. पोरगी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ती हुशार होती, चौथीत तिचा पहिला नंबर होता. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, पाटीवरची बेरीज जुळत नसली की पडते तशी. मग ती आठी तशीच ठेवून ती पुन्हा पाठ करून बसली आणि म्हणाली, "घाल वेणी. चारला गाडी येईल."

सोजरबाईनं वेणी घातली. रिबीन बांधली. चारला दोन मिनिटं कमी असतानाच गाडीचा हॉर्न वाजला.